काचेवरचा शेंदूर

वैशाखाचे ऊन पेटले होते. करडे, करपलेले, क्रुद्ध ऊन. शहरातल्या कलासंग्रहालयाच्या घुमटावर ते सकाळपासून आदळत होते, आणि रंगीत तावदानांतून आत शिरताना मात्र निळे, जांभळे, सोज्ज्वळ होऊन, जणू पाय पुसून, फरशीवर उतरत होते. शहरात आले की उन्हालाही सभ्यपणा सुचतो.

हा घुमट एका हौशी संस्थानिकाचा. विलायतेहून त्याने झुंबरे आणली, आरसे आणले; आणि मग आपल्याच मुलखातल्या मूर्ती, ढाली, हस्तिदंती पालख्या, गंजिफांचे रंगीत डाव उचलून काचेआड मांडले. राजा गेला, राज्य गेले, काचा तेवढ्या राहिल्या. शीतल, सुंदर, निःशब्द काचा. इथे तलवारीला रक्त आठवत नाही आणि समईला तेल आठवत नाही. सगळे कसे स्वच्छ!

त्या स्वच्छतेत टेंभुरवाडीची माणसे शिरली. बाहेर आंब्याच्या डहाळ्यांनी सजवलेला टेम्पो उभा होता, हलगीवाला उन्हात हलगी तापवत होता. गावची माळाई चोरांनी नेली होती. चोर सापडले, देवी सापडली, आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ती या संग्रहालयाच्या हवाली झाली. आता निकाल लागला होता. आज माळाई घरी यायची होती.

सर्वांत पुढे सरपंच धोंडीराम मोहिते, ताडमाड, कडक इस्त्रीचा. सर्वांत मागे केराबाई गुरव, वाळल्या शेंगेसारखी म्हातारी. देवीची पूजाअर्चा तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. तिच्या कनवटीला शेंदराची डबी होती.

काचेच्या कपाटापाशी सगळे थबकले.

शेंदूर नव्हता. तो सांध्यरक्त, तैलतेजस्वी, थरांवर थर चढलेला शेंदूर, ज्यातून दोन चांदीचे डोळे अवघ्या गावाकडे बघायचे, तो कुठेच नव्हता. श्यामल पाषाणाची एक सडपातळ स्त्री उभी होती. शंखासारखा गळा, कमरेवर नाजूक मेखला, बोटांत अर्धोन्मीलित कमळ. आणि चेहऱ्याच्या मधोमध, नाकाच्या जागी, एक खडबडीत खळगा.

"यादवकाळातली असावी," संग्रहालयाच्या अभिरक्षक सानेबाई कौतुकाने सांगू लागल्या. "वर शेंदराचं आणि मेणाचं जाड कवच होतं. फार हळुवारपणे काढलं आम्ही. बघा ना, मूळ सौंदर्य किती खुललंय!"

केराबाईच्या कानात कढत तेल पडल्यासारखे झाले. विचारले नाही, सवरले नाही. गावच्या आईच्या अंगावरचे लुगडे ओढावे तशी तिला उघडी केली, आणि वर म्हणतात, खुलली!

पण खरा घाव पुढेच होता. धोंडीरामने हात जोडलेच नाहीत. तो एक पाऊल मागे सरला आणि त्याच्यामागे सगळे सरले.

"ही तर भंगलेली हाय," तो म्हणाला. "भंगलेली मूर्ती देवळात चालत न्हाई. ऱ्हाऊ द्या हिला हितंच. आपण जयपूरवरनं नवी आणू. संगमरवरी."

माना डोलल्या. इतक्या वर्षांचे नवस, इतक्या वर्षांचे नैवेद्य, आणि माना डोलायला एक क्षण पुरला. लाज वाटावी अशा सहज डोलल्या.

तेव्हा केराबाई पेटली. डोंगरावर वणवा चढतो तशी, पायथ्यापासून. सासूने तिच्या कानात घातलेले, सासूच्या सासूने सासूच्या कानात घातलेले, कुणा पुरुषाला कधीही न सांगितलेले गुरवघरच्या बायांचे गुपित तिच्या तोंडून ठिणग्याठिणग्यांनी बाहेर पडले.

"भंगली कवा, ठावं हाय का तुला? तुज्या पणज्याच्या आदी! कळलं असतं तर तुमी बाप्यांनी डोहात बुडवली असती. म्हनून आमी बायांनी तिला नाक केलं. घट बसायच्या आदल्या अवसेला, दार लावून, मोहोळाच्या मेणाचं. वर शेंदूर. उनाळ्यात वितळायचं, आमी पुन्ना करायचो."

"म्हंजी इतकी वर्सं गावाला फसवलं?" धोंडीरामचा आवाज चढला.

"फसवलं न्हाई, राखलं! तू सरपंच झालास तवा तिला सोन्याची नथ घातलीस, ती माज्याच मेणात रुतली. तुज्या येळंला तुजी आई अडली व्हती. बाप तुजा हिच्याच पायाशी पडला व्हता. तवाबी हिला नाक नव्हतं, धोंडीराम! आली का न्हाई धावून?"

"आम्हाला वाटलं, नुसताच थर..." सानेबाई पुटपुटल्या.

केराबाईने डबी उघडली. शेंदूर तेलात कालवूनच आणलेला. ती काचेला भिडली, एक डोळा मिटला, आणि खळग्याचा नेम धरून बोटाने काचेवरच नाक काढले. सरळ, धारदार, आरक्त.

पहारेकरी फडके घेऊन धावला. "आजी, काचेला हात नको!"

"पूस," ती कडाडली. "खुशाल पूस. मी पुन्ना लावीन. आमच्या घरात ह्येच चालत आलंय."

फडके त्याच्या हातातच राहिले.

"आन् धोंडीराम, तू ये हिकडं. माज्या जागंवर हुबा ऱ्हा आन् बघ."

तो आला. त्याच्या उंचीवरून काचेवर नुसता लाल फराटा दिसत होता आणि त्याच्या वर तोच खळगा. त्याने मान वाकवली, जमेना. कंबर वाकवली, तरी जमेना. शेवटी कडक इस्त्री चुरगाळत त्याने गुडघे मोडले, म्हातारीएवढा झाला, एक डोळा मिटला. तांबडे नाक सरकत सरकत काळ्या पाषाणावर बसले. माळाई पुरी झाली.

"आई गं," त्याच्या तोंडून निघाले. हात आपसूक जुळले होते.

केराबाई विरघळली नाही. डोळ्यांतले पाणी तिने रागानेच पुसले.

"आता वाकलास व्हय! ऊठ. टेम्पो दाराला लाव."

बाहेर हलगी कडाडली. रंगीत तावदानांनी गाळलेले, गोंडस केलेले ऊन त्या काचेवर येऊन पडले, आणि पहिल्यांदाच त्याला उन्हाचा खरा रंग आला. शेंदराचा एक थेंब काचेवरून सुटला. संथ, तप्त, तांबडा. आणि ओघळत, ओघळत, माळाईच्या पावलांशी आला.