गावात कुणी आजारी नाही

आमचे सासरे, नानासाहेब, पाहुण्यासमोर घरातलं उणं काढणाऱ्यातले नव्हेत. साखर संपली तर "आम्ही बिनसाखरेचाच पितो" म्हणून मोकळे होतील. एरवी हे खपून जातं. त्या दिवशी नडलं.

खुलताबादजवळच्या आमच्या गावात एका कंपनीची दवाखान्याची गाडी दर बुधवारी यायची. डॉक्टरीणबाई तपासायच्या, गोळ्या फुकट मिळायच्या. सासूबाईंचं ब्लडप्रेशर त्या गोळ्यांवरच ताब्यात होतं. अलीकडे त्यांचे पाय सुजायला लागले होते, म्हणून गोळी बदलायचं चाललं होतं. आणि गाडी पुढे चालू ठेवायची का, हे ठरवायला कंपनीच्या वैदेही मॅडम शहरातून येणार होत्या.

स्वागताचं सगळं सासऱ्यांकडे होतं, म्हणून मी आदल्या दिवशीच त्यांना बजावलं होतं, आजारी माणसं पुढे बसवा. त्यांनी नेमकी तीच घरात बसवली! देवळापुढची जागा झाडून घेतली, मॅडमना फेटा बांधला.

"आजारी कोण कोण आहे गावात?" मॅडमनी विचारलं.

"कुणीच नाय, ताई," सासरे म्हणाले. "तुमच्या किरपेनं समदे ठणठणीत हायेत."

मला राहवलं नाही. "मॅडम, सासूबाईंचे पाय बघा जरा."

सासूबाई चहा देत होत्या. त्यांनी झटकन लुगडं खाली ओढलं. "मला काय धाड भरलीय? सूनबाई उगंच बोलती. च्या घ्या तुम्ही."

मॅडम हसल्या. मग उठून म्हणाल्या, कंपनीचं इथलं काम पूर्ण झालं, आता ही गाडी जास्त गरज असलेल्या गावाला देऊ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाहुणा बोलायचा थांबला की आमच्याकडे वाजवतातच.

मोटार गेली. सासूबाई ओट्यावर टेकल्या. सासरे खुशीत होते.

"सूनबाई, बुधवारी हिला लवकर न्या. पाय लई सुजल्यात हिचे."

"मामा, गाडी आता येणार नाय."

"नाय म्हंजी?"

"कुणी आजारी नाय म्हणालात ना तुम्ही."

त्यांचा चेहरा उतरला. मला त्यांची कीव आली आणि संतापही. मॅडमचा नंबर माझ्याकडे होता. मी मोबाइल काढला, तर सासूबाईंनी हात धरला.

"नगं. ह्यांचा शब्द खोटा पडंल."

सासरे 'लावा फोन' म्हणतील म्हणून मी थांबले. ते खाली बघत राहिले.