बाबूचं काहीबी

शाळेच्या सहलीला सगळ्यांना आवडेल असा एकच नाश्ता करायचा होता. “कोणता, ते माझा प्रोग्राम सांगेल,” असं चैताली भर वर्गात बोलून बसली. आता तिची अब्रू त्या प्रोग्रामच्या हाती होती, म्हणून माझ्या शिकवणीची पोरं कॉम्प्युटरभोवती गोळा झाली.

पडद्यावर प्रत्येकाचं नाव होतं आणि नावापुढं चौकोन. ज्यांच्या चौकोनात टिक पडेल, त्या सगळ्यांना आवडणारे पदार्थ तेवढे खालच्या यादीत उरत. वैदेहीवर टिक केली, बरेच पदार्थ आले. प्रसेनजितवर केली, दोनच उरले. बाबूवर केली आणि यादी कोरी झाली.

“म्हणजे उपाशी जायचं व्हय?” वैदेही खिदळली.

चैतालीचा चेहरा उतरला. “गुरुजी, माझं कुठं चुकलं?”

“बाबूला काय आवडतं म्हणून लिहिलंयस, ते बघ बरं.”

बाबूच्या नावावर एकच पदार्थ होता: काहीबी.

“त्यानंच सांगितलं, काहीबी चालतंय म्हणून!”

“तुला ते कळलं गं. कॉम्प्युटर मात्र काहीबी नावाचा पदार्थ शोधत बसला. तो दुसऱ्या कुणाच्या घरी शिजतच नाही!”

चैतालीनं हसत बाबूला सगळे पदार्थ लावले आणि पुन्हा टिक केली. यादीत उपमा आणि चुरमुऱ्याचा सुशीला आला.

“उपमा?” बाबू ओरडला. “उपमा सोडून काहीबी!”

“सोडून कवा म्हणलास?” चैतालीनं विचारलं.

“ते बी सांगावं लागतंय व्हय?”

चैतालीनं त्याच्या नावावरचा उपमा काढला. सुशीला तेवढा उरला, आणि ती शाळेतल्या बाईंना सांगायला पळत सुटली.