टॅलमनचा उलटा खटका

“अडकली!” नदीन ओरडली आणि नेमबाजांची अख्खी रांग हसली.

तिच्या हातातली टॅलमन अडकली वगैरे काही नव्हती. दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या होत्या आणि घाईत तिनं सुरक्षेचा खटका खाली दाबला होता. बहुतेक खटकेवाल्या पिस्तुलांचा तो खाली दाबला की पिस्तूल झाडायला तयार होतं. टॅलमनचा खाली दाबला की पिस्तूल बंद. पोरगी चाप ओढत राहिली आणि वेळ संपली.

“झाडू नकोस, फेकून मार! तेव्हा कुठे लागेल!” चौथ्या टेबलावरचा रॉयस म्हणाला. पुन्हा हशा. मीही हसलो, खोटं कशाला बोलू?

फक्त बाराव्या, म्हणजे शेवटच्या टेबलाशी डेलमर क्राउझ, आमचा डेल, समोर बघत उभा होता. त्याच्या मानेपर्यंत लाली चढली होती.

मी हॉलिस. मिसुरीतल्या या गावातलं बंदुकांचं दुकान आणि त्यामागचं नेमबाजीचं मैदान माझं. डेल नऊ वर्षं माझ्याकडे दुरुस्तीला आहे. त्याआधी बावीस वर्षं तो नदीपलीकडच्या टॅलमनच्या कारखान्यात होता. काम काय, तर खटके बसवणं. हो, तेच ते खटके. त्याची बायको लोरीन त्याला तिथंच भेटली. कारखाना बंद पडला, आणि चार वर्षांपूर्वी लोरीनही गेली. मूलबाळ नाही.

टॅलमन वाईट होती का? मुळीच नाही. मी स्वतः विकल्या आहेत, नेमाला सुतासारख्या सरळ. पण पोलिसांनी ती घेतली नाही, म्हणून कुणी तिच्यासाठी होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं म्यान, शिवेना. होल्स्टर नाही म्हणून लोक घेईनात, आणि लोक घेईनात म्हणून गोळ्या भरायचं मॅगझिन मिळेना. त्यात तो उलटा खटका! चुकायचा माणूस आणि बोल लागायचा पिस्तुलाला. नाचता येईना, अंगण वाकडं. ‘टॅलमन अडकते’ असं एकानं म्हटलं, दहांनी ऐकलं, आणि ज्यांनी ती जन्मात हातात धरली नव्हती ते सगळ्यांत मोठ्यानं सांगत सुटले.

आमच्याकडे गुरुवारी सामना असतो. भिंतीवर कागद लावलेला असतो, त्यावर आपल्या टेबलाच्या आकड्यासमोर जो तो आपलं नाव आणि पिस्तूल लिहितो. शेवटी मी नाव, पिस्तूल आणि गुण मोठ्यानं वाचतो. ज्याचं नाव येईल त्यानं हात वर करायचा. सात वर्षं त्या कागदावर टॅलमन एकच होती, बाराव्या टेबलाची.

सप्टेंबरात नदीन आली. नवऱ्याशी फारकत घेऊन ती नुकतीच गावात आली होती आणि शाळेची बस चालवत होती. वडिलांच्या मागे राहिलेली टॅलमन तिनं साफ करायला आणली. डेलनं मुठीवरचं लाकूड काढलं आणि तो थांबलाच. आत तीन बारीक ठिपके ठोकलेले होते.

“ही माझ्या हातची आहे,” तो म्हणाला. “हे ठिपके माझे.”

“काय सांगता, मिस्टर डेल! मग मला शिकवाच तुम्ही.”

झालं! म्हाताऱ्याला पालवी फुटली. दर रविवारी दुपारी दोघं मैदानावर. डेल दाढी करून यायचा, डब्यात मक्याचा पाव आणायचा. बाजारात टॅलमनचं होल्स्टर मिळत नाही, म्हणून तीन आठवडे बसून त्यानं तिच्यासाठी स्वतः चामड्याचं शिवलं. आणि गुरुवारच्या कागदावर अकरा आणि बारा, दोन ओळींत टॅलमन लागली. तो कागद वाचत उभा राहिलेला मी त्याला बघितला. आपण बावीस वर्षं कचरा बनवला नाही, हे निदान एका माणसाला तरी पटलंय, एवढंच त्याला हवं होतं. एवढं मागणं काही जास्त नव्हे.

आणि मग तो हशा झाला.

मंगळवारी नदीन दुकानात आली. पिस्तूल आणि होल्स्टर तिनं काउंटरवर ठेवलं.

“हॉलिस, ही घेऊन मला दुसरी द्याल? रॉयसकडे आहे तशी.”

मागे डेलची कानस थांबली. तो हात पुसत पुढे आला.

“खटका चुकला म्हणून का, पोरी? अगं, सवयीचा प्रश्न आहे. अजून दोन रविवार दे मला.”

“खटक्याचं काही नाही हो. पिस्तूल चांगलंच आहे, ते कळतंय मला.”

“मग?”

तिनं मान खाली घातली. “रागावू नका, मिस्टर डेल. मी नेमबाजीसाठी येतच नाही मुळी. घरी कुणी नसतं बोलायला. इथं सगळे एकमेकांची मॅगझिन मागतात, कुणाचा चाप कसा ते बघतात, सामना झाला की एकत्र कॉफीला जातात. माझ्याकडे कुणी काही मागायलाच येत नाही. तिकडे कोपऱ्यात मी अगदी एकटी पडते.”

डेल तिथंच तिच्यासमोर उभा होता. ‘अगं, मी असतो ना शेजारी,’ हे त्याच्या ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. पण ते त्यानं गिळलं.

“बरोबर आहे तुझं,” तो म्हणाला. “रॉयसकडची चांगली आहे. चाप जरा जड असतो, तो मी हलका करून देतो. हॉलिस, काढ रे ती.”

तासभर बसून त्यानं तिचा चाप नीट केला. ती म्हणाली, होल्स्टर तेवढं आठवण म्हणून ठेवू का? तो म्हणाला, “नको, नव्या पिस्तुलाला ते बसणार नाही.” ती गेल्यावर तिची टॅलमन मी कपाटात ठेवायला लागलो, तर त्यानं हात पुढे केला. मी ती त्याला दिली.

गुरुवारी नदीन पाचव्या टेबलाशी होती. रॉयसनं तिला मॅगझिन दिलं, तिनं त्याला काहीतरी टोमणा मारला, सगळी हसली. हसताना बरी दिसत होती पोरगी.

डेलनं बाराव्या टेबलावरून आपल्या फैरी झाडल्या. मग पुढच्या पाळीला तो अकराव्यावर सरकला, तिच्यासाठी शिवलेल्या होल्स्टरमधून तिची टॅलमन काढली, खटका वर केला आणि सावकाश नेम धरला. एकदाही अडकली नाही.

सामना संपल्यावर मी कागद वाचायला घेतला. रॉयस, नदीन, बाकीचे, एकेक हात वर होत गेला. अकराव्या ओळीत नावाची जागा कोरी होती. पुढे डेलच्या अक्षरात नुसतं पिस्तूल लिहिलेलं होतं.

“टेबल अकरा,” मी होता नव्हता तेवढा आवाज काढून वाचलं, “टॅलमन. शंभरपैकी शहाण्णव.”

त्या दिवशीचे सगळ्यांत जास्त गुण. कुणी हसलं नाही, कारण कुणी ऐकतच नव्हतं. मंडळी कॉफीला निघाली होती.

पुन्हा बाराव्याशी येऊन उभ्या राहिलेल्या डेलनं शेजारच्या रिकाम्या अकराव्या टेबलाकडे बघितलं. मग जरा थांबून त्या टॅलमनसाठी आपलाच हात वर केला.