वासराच्या वाट्याचं

१९९७ सालची वसुबारस. नाशिकजवळ मखमलाबादच्या मळ्यात झेंडू भरभरून फुलला होता. मुंबईला फुलं नेणारा टेम्पो संध्याकाळी नाशिकच्या द्वारका चौकातून सुटायचा, आणि निम्मी फुलं अजून झाडांवरच होती. मालकीण वत्सलाबाईंचा जीव टांगणीला लागला होता. दिवाळी उलटल्यावर या फुलांना कोण विचारतं?

बांधावरच्या कडुलिंबाला झोळी टांगली होती. तिच्यात सुरगाण्याहून मजुरीला आलेल्या नवसाबाईची तान्ही आशा रडत होती.

"मालकीणबाई, पोरगी लय रडते. पाजून येऊ?"

"एवढी सरी होऊ दे. तुझ्या पोरीसाठी टेम्पो थांबायचा नाय!"

नवसाबाई मान खाली घालून पुन्हा फुलं तोडू लागली. तिची चोळी दुधाने भिजली होती.

तेवढ्यात पूजेची फुलं न्यायला वत्सलाबाईंच्या सासूबाई, सरुबाई, मळ्यात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"वत्सला, चहा घेतलास का गं?"

"आत्याबाई, आज वसुबारस! दुधाचा थेंब तरी चालतो का?"

"का नाय चालत?"

"घ्या! तुम्हीच शिकवलंत आणि मलाच विचारता? आजचं दूध वासराचं. सकाळी धारसुद्धा काढली नाय, वासरू मोकळं सोडलंय."

"वर्षभर आपण त्याच्या वाट्याचं पितो. आज त्याचे उपकार मानायचे, एवढाच या सणाचा अर्थ." सरुबाईंनी झोळीकडे बोट दाखवलं. "आणि ही फुलं कुणाच्या वाट्यातून तोडून घेतेस गं?"

वत्सलाबाईंनी झोळीकडे पाहिलं. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता. अरे देवा! वासराला मोकळं सोडलं, आणि माणसाच्या लेकराला उपाशी ठेवलं!

"नवसा, टाक ती पाटी! आधी पोरीला घे!" असं म्हणत त्या पदर खोचून स्वतःच सरीत उतरल्या.

टेम्पो गेला तेव्हा बरीच फुलं झाडांवरच राहिली. संध्याकाळी गाय-वासराला ओवाळून झाल्यावर वत्सलाबाईंनी त्याच ताटाने नवसाबाईला आणि तिच्या मांडीवरच्या आशाला ओवाळलं.

वाचकहो, आपल्या घरात येणारी प्रत्येक गोष्ट कुणाच्या ना कुणाच्या वाट्यातून आलेली असते. ते ओळखून त्याचा वाटा त्याला देणं, हीच खरी पूजा!

सरुबाई २००३ साली गेल्या. आशा आता सातवीत आहे. वत्सलाबाईंच्या मळ्यात लेकुरवाळीला पोराला पाजायला परवानगी मागावी लागत नाही. नवसाबाई दर दिवाळीला सुरगाण्याहून नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ पाठवते, आणि त्याची पहिली भाकरी वत्सलाबाई हात जोडून खातात.