नारूचं साल

त्या साली निंबळवाडीत पहिला नारू निघाला तो दिनकरराव देशमुखांच्या आईच्या, पार्वतीबाईंच्या पायातून. १९८५ चा चैत्र नुकताच लागला होता. आधी घोट्याच्या वर खाज सुटली, मग फोड आला, फोड फुटला आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक बाहेर डोकावलं. पंधरा दिवसांत गावात अकरा जण पाय धरून बसले. नांगरटीचे दिवस, आणि औतामागं चालायला धड पायाचा माणूस मिळेना.

सत्यशीला त्या गावची आरोग्यरक्षक. राहायची भीमनगरात, नाल्याच्या कडेच्या चौतीस घरांत. नवरा सिताराम पूर्णा जंक्शनला रेल्वेत गँगमन, आठवड्यातून एकदा यायचा. घरी ती आणि सासू दगडाबाई. सत्यशीला सातवी शिकलेली होती, परभणीला पंधरा दिवस जाऊन शिकून आली होती, आणि दवाखान्यानं तिला एक पत्र्याची पेटी अन् एक वही दिली होती.

ती घरोघर फिरली. गावात तिला अंगणातच उभं राहावं लागे. आजारी माणूस ओट्यावरून पाय पुढं करी आणि ती लांबूनच सांगे, "आगकाडीला गुंडाळून रोज दोन बोटं ओढा. जोर करू नका. आत तुटला तर पाय सडंल."

अकरावं नाव लिहून झालं आणि तिच्या ध्यानात आलं. अकराही गावातले होते. भीमनगरात एकही नाही. घटकाभर तिला बरं वाटलं, आणि दुसऱ्याच घटकेला तिनं वही मिटली.

कारण तिला ठाऊक होतं. गाव बारवेचं पाणी प्यायचं. जुनी, दगडी पायऱ्यांची बारव. बायामाणसं पायऱ्या उतरून गुडघाभर पाण्यात शिरायची अन् घागरी बुडवायची. भीमनगरच्या लोकांना तिथं कधीच उतरू दिलं नव्हतं. वरून कुणी वाढलं तर घ्यायचं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला, तेव्हा भीमनगरातली सहा घरं जळाली, आणि मग ते वाढणंही बंद झालं. तेव्हापासून ही माणसं नाल्याच्या वाळूत झिरा खोदून वाटीवाटीनं पाणी भरत. एका घागरीला तास जाई. पण ते पाणी वाळूतून गाळून येई आणि त्यात कुणाचा पाय पडत नसे. गावानं ज्या पाण्याकडं त्यांना हाकललं होतं, त्याच पाण्यानं त्यांना राखलं होतं.

"वहीत लिहू नकोस," दगडाबाई म्हणाली.

"का वो आत्याबाई?"

"आपल्यात कुनालाच न्हाई, हे तू लिहिलंस की गावाला कळंल. कळलं की गाव इचारंल, ह्यांच्यात का न्हाई?"

सत्यशीलानं लिहिलं. न लिहावं तर नारू पुढच्या साली दुप्पट होणार, हे तिला शिकवलेलं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी वही पाहिली, एक काचेची बाटली तिच्या हातात दिली आणि बारवेचं पाणी आणायला सांगितलं.

ती भर दुपारी गेली. पायरी उतरायची नव्हती, म्हणून बाटलीला सुतळी बांधून कठड्यावरून खाली सोडली. बाटली भरून वर ओढली तेव्हा तिला दिसलं, खालच्या पायरीवर भुजंग बसला होता. दिनकररावांचा सालगडी. त्याचा नारूचा पाय पाण्यात होता. फोडाची आग होते, गार पाण्यात पाय घातला की बरं वाटतं. त्यानं वर पाहिलं, मग बाटली पाहिली. ती नजर तिला घरापर्यंत पुरली.

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून दाखवली. पाण्यात बारीक ठिपके होते, उड्या मारणारे. पाय पाण्यात घातला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो, ती ह्या किड्यांच्या पोटात जातात, किडे माणसाच्या पोटात, आणि वर्षानं पायातून नारू निघतो, असं त्यांनी समजावलं. बारवेत औषध टाकायला माणसं पाठवतो म्हणाले. तोवर दुहेरी फडक्यातून पाणी गाळून प्या.

औषध यायच्या आधी गावात बोलवा उठली.

गिरणीवाल्या पंडितनं भीमनगरच्या ज्वारीच्या टोपल्या बाजूला ठेवल्या. "पट्टा तुटलाय," म्हणाला, आणि त्याच्या मागं पट्टा फिरत होता. रोजानं गेलेल्या बाया दुपारीच परत आल्या. उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं होतं. सत्यशीला पाराजवळून जाऊ लागली की बोलणारी माणसं गप्प होत, आणि ती पुढं गेली की मागून ऐकू येई.

"बाटली घेऊन आलती. भुजंगानं डोळ्यानं बघितलं."

"कायतरी सोडलं बारवेत. न्हाईतर तेंच्यात एकाला बी कसा न्हाई?"

संध्याकाळी दगडाबाईनं रेशनकार्ड, सितारामचे नोकरीचे कागद आणि दोन लुगडी एका गाठोड्यात बांधली. अठ्ठ्याहत्तर साली असं गाठोडं बांधायला सवड मिळाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांनी परत दिलेली तीच पाण्याची बाटली घेऊन देशमुखांच्या घरी गेली. पार्वतीबाई ओसरीत पाय लांब करून बसल्या होत्या. घोटा भोपळ्यासारखा सुजलेला.

"माय, एवढं बघा," म्हणून तिनं अंगणातूनच बाटली उन्हात धरली.

पार्वतीबाईंनी डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं. "हलायलंय की गं त्यात."

"तुमी रोज पाय कुठं धुता, माय?"

"बारवेत. लय आग होती. पाण्यात घातला की जीव थंड होतो."

सत्यशीलानं सगळं सांगितलं, जसं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं तसंच. म्हातारी ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला, जणू कुणी तो बघू नये. सत्यशीलानं दुहेरी घडीचं धुतलेलं फडकं पुढं केलं.

"तुझं फडकं नको," पार्वतीबाई हळूच म्हणाल्या. "कसं गाळायचं ते सांग. फडकं माझं मी घेते."

तेवढ्यात दिनकरराव आतून बाहेर आले. त्यांनी शेवटचं तेवढं ऐकलं होतं, की मागचंही, ते कळलं नाही.

"आमच्या आईच्या पायानं गाव बाटलं, असं सांगायला आलीस?"

"तसं न्हाई, दादा. कुनाच्या बी पायानं—"

"तुमच्यात एकाला तरी निघाला का? न्हाई ना? मंग आमाला शिकवू नको." त्यांचा आवाज चढला नाही, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. "जा. आन ती बाटली घेऊन पुन्हा गावात दिसू नको."

तिसऱ्या दिवशी उजाडता बाया झिऱ्यावर गेल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. झिऱ्यात इंजनाचं जळकं ऑइल ओतलेलं होतं. काळं, दाट, वाळूभर पसरलेलं. चार हात वर दुसरा खड्डा खणला, त्यातही पाण्यावर तेलाचा तवंग आला. आणखी वर खडक होता. दुपारपर्यंत भीमनगरातल्या घागरी उपड्याच होत्या आणि लेकरं रडू लागली होती.

शेवटी बाया बारवेवर गेल्या आणि कठड्यापासून लांब, उन्हात उभ्या राहिल्या. दगडाबाईही गेली. सत्यशीला घरी जुनी धोतरं फाडून फडकी करत होती. बारवेच्या पाण्यावाचून आता गत नाही, हे तिनं ओळखलं होतं. फडक्यांचा गठ्ठा घेऊन ती धावत निघाली.

तिला लांबूनच दिसलं. भुजंग लंगडत पायऱ्या चढून वर आला होता, हातात भरलेली घागर. त्याला दया आली असावी, किंवा गावात बाटलीचं सांगितल्याची टोचणी लागली असावी. तो वरून धार सोडत होता. तिघी पिऊन बाजूला झाल्या होत्या आणि दगडाबाई वाकून ओंजळीनं पीत होती. सकाळपासून कोरडा घसा. ती थांबायलाच तयार नव्हती.

"आत्याबाई, थांबा!"

दगडाबाईनं पाणी गिळून तोंड पुसलं. "एक डाव प्यालं तर काय मरते का मी?"

त्या दिवसापासून भीमनगर बारवेचंच वाढलेलं पाणी भरू लागलं, पण गाळल्याशिवाय कुणी ते तोंडाला लावलं नाही. सत्यशीला घराघरात जाऊन माठावरची फडकी बघे. गावात मात्र तिला कुणी दारात उभं करीना. वैशाखात औषध टाकणारी माणसं जीप घेऊन आली, तेव्हा बारवेच्या पायऱ्यांवर दिनकरराव आणि पंचवीस-तीस गडी आडवे उभे होते. आमच्या पाण्यात इख ओतू देणार नाही, म्हणाले. जीप परत गेली.

मग एक वर्ष वाट पाहण्याचं. नारूला वर्ष लागतं. सत्यशीला रोज सासूचे पाय बघायची. न्हाणीत पाणी देताना, अंधारात पाय चेपताना बोटांनी चाचपून. दगडाबाई हसायची. पावसाळा गेला, ज्वारी निघाली, संक्रांत झाली. गावाचा राग थंड पडला नव्हता, नुसता बसून होता. माणसं बघायची आणि मोजायची. पुढच्या चैत्रातही भीमनगर कोरं निघालं तर काय होईल, हे कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण सितारामनं पूर्णेला खोली बघून ठेवली होती.

पाडव्यानंतर चौथ्या दिवशी दगडाबाईनं चुलीपाशी बसल्या बसल्या पाय खाजवला. सत्यशीलानं कंदील जवळ नेला. घोट्याच्या आतल्या बाजूला, वाटाण्याएवढा फोड.

त्या साली गावात एकोणीस जणांना नारू निघाला, आणि भीमनगरात चौघींना. चौघीही त्या दुपारी बारवेवर ओंजळीनं प्यालेल्या. देशमुखांच्या घरात एकालाही नाही. पार्वतीबाईंनी वर्षभर स्वतःच्या लुगड्याच्या पदरातून घरचं पाणी गाळलं होतं, मुलाला न सांगता.

बातमी गावात पोचायला दिवसही लागला नाही. दुसऱ्या सकाळी भुजंग स्वतः भीमनगरच्या तोंडाशी आला. चेहरा उजळलेला.

"दगडामायला बी निघाला म्हनं?"

"निघाला," सत्यशीला म्हणाली.

"मंग तुमी काय केलं नव्हतं!" तो मोकळेपणानं हसला. "मी म्हनतच होतो. आता कुनी काय बोलायचं न्हाई. मालक बी म्हनले, येऊ द्या जीप."

त्या दुपारी पंडितनं भीमनगरची ज्वारी दळून दिली. आठवड्यानं जीप आली, बारवेत औषध पडलं, आणि पायऱ्या भिंत घालून बंद करायचं ठरलं. रोजाची बोलावणीही आली.

दगडाबाई भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. सत्यशीला आगकाडीला नारू गुंडाळत होती, हलक्या हातानं.

"बरं झालं गं माझ्याच पायातनं निघाला," दगडाबाई म्हणाली. "न्हाईतर त्यांनी घरं ठिवली नसती."

सत्यशीलाच्या मनात वेगळंच आलं. आजार आपल्यापर्यंत आला म्हणून आपण निर्दोष ठरलो. पुढं कधी पटकी येईल, ताप येईल, आणखी काही येईल. आणि आपण नीट राहिलो, पाणी गाळलं, उकळलं, आपल्यात कुणी पडलंच नाही, तर?

"दुखायलंय का?" तिनं विचारलं.

"ओढ तू."

तिनं नारू दोन बोटं ओढला आणि ती थांबली. अजून बराच आत होता.