दारावरचा जवळा

सकाळी कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर पडले, तर गल्लीभर तो वास पसरला होता. एप्रिलची दमट हवा, भिंतींना घाम फुटलेला, पायाखालची फरशी निसरडी. अशा हवेत वास उडून जात नाही, जागच्या जागी बसून राहतो. शेजारी राहणाऱ्या ख्वेचं निळं लोखंडी दार वरपासून खालपर्यंत माखलेलं होतं. मिठात मुरवलेला जवळा, आणि त्यात मोटारसायकलच्या इंजिनातलं जुनं काळं तेल. तेल अशासाठी, की वास चिकटून राहावा. कुलपाच्या भोकात डिंक ओतून ते घट्ट बसवलं होतं.

"बाहेर कोण आहे? उयेनताई, तुम्ही का?" आतून ख्वेचा आवाज आला. "माझं कुलूप पुन्हा मेलं बघा."

"मीच आहे. कुलूपवाल्याला बोलावते."

"ह्या खेपेला तेल कमी दिसतंय ना? महागाई वाढलीय, त्यांचं तरी कसं भागणार!"

मला हसू आलं नाही. मी दाराजवळ वाकले आणि वास घेतला.

माझा जन्म पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत गेला. पाण्याचा वास यंत्राने मोजत नाहीत, नाकाने मोजतात. नमुन्यात स्वच्छ पाणी घालत जायचं आणि वास कुठे नाहीसा होतो ते पाहायचं. त्या कामात नाक असं तयार होतं की निवृत्त झाल्यावरही ते सुट्टी घेत नाही. बाजारचा जवळा घाईने मुरवलेला असतो. राखाडी दिसतो, नाकात झोंबतो. दारावरचा जांभळट तपकिरी होता, दोनदा वाटलेला, आणि मिठाच्या मागे एक गोडसर छटा होती. ती छटा वर्षभर उन्हात ठेवल्याशिवाय येत नाही.

तो माझा जवळा होता.

नवऱ्याच्या गावाहून, समुद्रकाठाहून, मी दरवर्षी ताजा जवळा आणते आणि गच्चीवर मुरवते. नवरा वारल्यावरही तो नेम मोडलेला नाही. ह्या नववर्षाला मी दोन बरण्या शेजारी दिल्या होत्या. एक ख्वेला आणि दुसरी आमच्या गल्लीचे प्रमुख लुओंगदादा यांना.

"ख्वे, मी दिलेली बरणी कुठे आहे?"

"फडताळात. अजून फोडलीसुद्धा नाही. का हो? जेवायला येताय?"

"सहज विचारलं," मी म्हणाले.

ख्वे औषधांच्या डब्यांतली माहितीपत्रकं भाषांतरित करून पोट भरते. रविवारी तळ्याकाठी एक पुठ्ठा धरून उभी राहते. त्यावर पोलीस कोठडीत मेलेल्यांची नावं असतात. ओरडत नाही, घोषणा देत नाही. कुणी पुठ्ठा हिसकावून घेतला की पुढच्या रविवारी नवा घेऊन येते. ह्या वर्षी तिने राष्ट्रीय सभेच्या निवडणुकीला स्वतःहून अर्ज भरला. कायद्याने कुणालाही भरता येतो. फक्त कायदा असंही म्हणतो, की मतपत्रिकेवर नाव चढण्याआधी शेजाऱ्यांनी जमून हात वर करून उमेदवारावर विश्वास दाखवावा. निम्म्याहून कमी हात आले की नाव गळतं. ती मीटिंग त्याच संध्याकाळी होती.

दुपारी लामचा, माझ्या मुलीचा, फोन आला. ती विद्यापीठात शिकवते. तिला कायम करायचं चाललं होतं, आणि त्यासाठी तिच्या कागदांवर वॉर्डाचा शिक्का लागत होता. शिक्क्याआधी लुओंगदादांची सही. कागद त्यांच्या टेबलावर पडून होते.

"आई, आज मीटिंगला जाणारेस?"

"बोलावणं आलंय."

"मग जा, चहा पी, भाजलेल्या बिया सोल, आणि सगळे करतील ते कर. तुला बोलायची सवय नाहीच. आज नव्याने लावून घेऊ नकोस."

"तिच्या दाराला काय फासलंय माहितेय का तुला?"

"मला नाही माहीत करून घ्यायचं. आई, माझे कागद त्या माणसाकडे आहेत. एवढं लक्षात ठेव."

मी लक्षात ठेवलं.

सभागृहात लाल टेबलक्लॉथ, चहाच्या किटल्या आणि प्लास्टिकची बुटकी स्टुलं मांडली होती. बोलावणी निवडून पाठवलेली होती. ख्वेच्या मित्रांना गल्लीच्या तोंडाशीच काही पोरांनी अडवलं होतं. वॉर्डातून आलेला पांढऱ्या शर्टातला एक माणूस बाजूला बसून पेला फिरवत होता. ख्वे समोर एकटी बसली होती, इस्त्री केलेला ब्लाउज घालून. तिच्या चपलांना तेल लागलेलं मला दिसलं.

शेजारी एकेक करून उठले. कोपऱ्यावर शेवयांचं सूप विकणारी बाई म्हणाली, "ही बाई मोठ्यांना नमस्कार करत नाही. मी स्वतः पाहिलंय."

"मावशी, रोज सकाळी तुमच्याकडेच सूप पिते मी," ख्वे म्हणाली.

"पितेस गं, पण मान खाली घालून!"

लोक हसले. मग एकाने सांगितलं, की हिच्या कुंडीतल्या बोगनवेलीची फुलं त्याच्या गाडीवर पडतात. दुसरा म्हणाला, की चाळिशी आली तरी लग्न नाही. जिला एक घर चालवता आलं नाही ती देश काय चालवणार? पुठ्ठ्यावरच्या नावांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. मेलेली माणसं त्या खोलीत शिरलीच नाहीत. फुलं, नमस्कार आणि लग्न यांनीच जागा भरून गेली होती. सगळ्यांच्या बोलण्यात एकच वळण होतं, एकाच माणसाने शिकवून ठेवल्यासारखं. पांढऱ्या शर्टातला माणूस प्रत्येकाला मान हलवून दाद देत होता. मी समोरचा चहा एका दमात संपवला.

शेवटी लुओंगदादा उठले.

"मी वैयक्तिक बोलत नाही," ते म्हणाले. "पण स्वच्छतेचं काय? ख्वेबाईंच्या दाराशी आज काय घाण आहे ती सगळ्यांनी पाहिली. पोरंबाळं नाक दाबून शाळेत गेली. ज्यांना स्वतःचा उंबरठा स्वच्छ ठेवता येत नाही, त्यांनी लोकांचं प्रतिनिधित्व करायचं? आपल्या गल्लीला आदर्श गल्लीचा फलक मिळालाय, मंडळी!"

टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. लुओंगदादा खूश झालेले दिसले.

"बोला, उयेनताई. तुम्ही तर शास्त्र शिकलेल्या. सांगा ह्यांना."

"दादा, नववर्षाला मी तुम्हाला जवळ्याची बरणी दिली होती. ती परत हवीय. रिकामी असली तरी चालेल."

दादांच्या शेजारी बसलेली त्यांची बायको, नूवहिनी, हातातल्या बिया बघायला लागली.

"संपला हो, ताई," ती हळूच म्हणाली. "छान होता."

"कधी संपला, वहिनी?"

तिने एक बी दाताखाली फोडली. मी थांबले. मला वाटलं होतं, आता ह्या माणसाचा चेहरा पडेल, निदान कान तरी तांबडे होतील. दादा हसले. मोकळेपणाने, पोट हलवून.

"अहो, काल पोरं मागायला आली, देऊन टाकला! जवळ्यावर बंदी आहे का? ताई, पुढच्या वर्षी मोठी बरणी द्या."

आणि सगळे हसले. सूपवाली पदराने डोळे पुसत हसली, गाडीवाला मांडीवर थाप मारून हसला. पांढऱ्या शर्टातल्या माणसाने हसू लपवायला पेला तोंडाशी नेला. कुणाला धक्का बसला नव्हता, कारण ते सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. नव्हतं ते फक्त मला. ख्वे हसली नाही. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली, बसा म्हणून. मी बसले. माझ्याच हाताने उन्हात ठेवलेला, ढवळलेला, झाकलेला तो जवळा मला डोळ्यांसमोर दिसत होता, आणि त्यात ह्या सगळ्यांची हसणारी तोंडं.

मग मतदान झालं.

आमच्याकडे मीटिंगमध्ये हात वर करायला विचार करावा लागत नाही. ड्रेनेजची वर्गणी मंजूर आहे का? मागच्या वर्षीचा अहवाल मान्य आहे का? समोरून काही विचारलं की हात वर जातात, आणि काय विचारलं ते नंतर शेजारणीकडून कळतं.

"ज्यांचा ख्वेबाईंवर विश्वास आहे," दादा कागदावरून वाचत म्हणाले, "त्यांनी हात वर करावेत."

हात वर गेले. जवळजवळ सगळे. सूपवालीचा, गाडीवाल्याचा, नूवहिनीचा, झोपेतून जागं केलेल्या एका आजोबांचा, माझासुद्धा. खोली हातांनी भरून गेली.

ख्वेने मागे वळून पाहिलं. तिचे ओठ उघडले. एक क्षण, अगदी एकच क्षण, तिला ते खरं वाटलं. तो चेहरा मी पाहिला, आणि तो पाहायला मिळाला नसता तर बरं झालं असतं.

पांढऱ्या शर्टातल्या माणसाने पेला टेबलावर आपटला.

"अरे, काय करताय!" लुओंगदादा ओरडले. "कान आहेत का नाहीत? विश्वास आहे त्यांनी! आहे, त्यांनी!"

पुन्हा हशा झाला. हात भराभर खाली आले, तापलेल्या तव्याला लागल्यासारखे. "अगं बाई, मला वाटलं वर्गणीच!" सूपवाली म्हणाली. आजोबांचा हात त्यांच्या सुनेने धरून मांडीवर ठेवला. एकमेकांना कोपरखळ्या मारत माणसं पुन्हा नीट बसली, आणि त्यांचे ते मांडीवर घड्या घालून ठेवलेले आज्ञाधारक हात बघून मला मळमळलं. दारावरच्या घाणीने मळमळलं नव्हतं.

माझा हात पहिल्यांदा सवयीने वर गेला की मनाने, हे मला आजही सांगता येत नाही. सगळ्यांचे खाली गेल्यावरही मी तो खाली घेतला नाही, ते मात्र ठरवून. लामचे कागद तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे होते. तिची सही, तिचा फोटो, खाली शिक्क्यासाठी सोडलेली कोरी जागा.

"उयेनताई, हात खाली," दादा म्हणाले. "तुमच्या लक्षात आलं नाही वाटतं."

"आलं."

"मग?"

"मग वर आहे."

ह्यावर कुणी हसलं नाही. पांढऱ्या शर्टातल्या माणसाने दादांकडे झुकून काहीतरी विचारलं. दादांनी माझं नाव सांगितलेलं मला ओठांवरून कळलं. वर राहिलेला एकच हात मोजला गेला, आणि ख्वेचं नाव गळलं.

बाहेर पडताना दादा दाराशी उभे होते. मला त्यांनी आदराने वाट करून दिली. "लामच्या कागदांचं राहूनच गेलं बघा," ते गोड आवाजात म्हणाले. "आता निवडणुकीची गडबड. नंतर बघू."

गल्लीत ख्वे माझ्याबरोबर चालत होती. तिच्या दारापाशी ती थांबली. मग म्हणाली, "ताई, पहिल्या फेरीत मी निवडून आले होते बरं का."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं दार माखलेलं होतं. मी वाकून वास घेतला. बाजारचा, राखाडी, सगळ्यात स्वस्तातला. तेल मात्र भरपूर होतं. नूवहिनी रुमालाने नाक दाबून समोरून जात होती. माझ्याशी नजर न मिळवता ती म्हणाली, "लवकर धुऊन टाका हो, ताई. आमच्याकडे पाहुणे यायचेत."

ख्वे बादली, ब्रश आणि राख घेऊन आली. आधी राखेने तेल ओढून घ्यायचं, मग साबण, मग पाणी, हे ती मलाच शिकवायला लागली. इतक्या वेळा धुवून ती तरबेज झाली होती. आम्ही पाणी घालत राहिलो. वास कमी होत होता, जात नव्हता.

मध्येच लामचा फोन आला.

"कागद परत आले," ती म्हणाली. "सही नाही, काही नाही. सगळं ऐकलं मी."

"हं."

"काय मिळालं तुला?" मग, वेगळ्या आवाजात, "दार धुतलंस?"

"धुतेय."

तिने फोन ठेवला.

दुपारी ख्वेने तिच्याकडची बरणी फोडली. तळलेलं टोफू आणि तांदळाच्या शेवया मांडल्या, वाटीत जवळा घेऊन त्यावर लिंबू पिळून तो फेस येईपर्यंत फेटला. तोच जांभळा रंग, तीच मागची गोड छटा. दार उघडंच होतं, आणि बाहेरून दुसऱ्या जवळ्याचा वास आत येत होता.

"खा ना, ताई," ती म्हणाली. "हा तुमच्या हातचा आहे."

मी टोफूचा तुकडा बुडवून तोंडात घातला. घास तोंडात फिरत राहिला. त्या खोलीतलं सगळं हसू त्याच्याबरोबर वर येत होतं. ख्वे खाता खाता थांबून माझ्याकडे बघत होती. मी घास चावला, पुन्हा चावला, आणि गिळला.