कोठीतला पियानो

मित्रांनो, माझे झाकण उघडलेत तर आत फक्त गंज आणि बुरशी दिसेल. मी शहराबाहेरच्या वस्तीतल्या एका सरकारी हायस्कूलचा जुना पियानो आहे. मला न्यायला भंगाराची गाडी येणार आहे, म्हणून आजच सांगून टाकतो.

सुतारांनी आणि तारा ओढणाऱ्या कारागिरांनी मिळून मला घडवले. शाळेत आलो तेव्हा मला संगीताच्या वर्गात ठेवले. एका बाजूला गणिताचा वर्ग, दुसऱ्या बाजूला व्यायामशाळा. गाण्याच्या बाई मला वाजवत. त्यांचे यजमान त्याच शाळेत खेळाचे सर होते. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून मुले त्यांना पाठीमागे 'शिट्टी' म्हणत. बाईही म्हणत, पण तोंडावर.

मैदानात चिखल झाला की सर मुलांना व्यायामशाळेत पळवत. तेव्हा बाई मधले दार उघडे टाकून मला वाजवत आणि मुले माझ्या ठेक्यावर पावले टाकत. पावले चुकली की बाई विचारत, "अहो, ही तुमची पोरं धावतायत की म्हशी सुटल्यात?" सर म्हणत, "तू आधी एका चालीत वाजव, मग माझ्या म्हशींना नावं ठेव." पलीकडून गणिताचे सर भिंतीवर डस्टर आपटत. पण समारंभात त्यांच्याच वर्गातली मुले पुढे उभी राहून गात आणि ते टाळ्या वाजवत. मला वाटे, हे असेच चालायचे.

मग बाई आजारी पडल्या. सुट्टीनंतर सर एकटेच शाळेत आले. त्यांनी माझ्या पट्ट्या रुमालाने पुसल्या, झाकणाला कुलूप घातले आणि किल्ली शिट्टीच्या दोरीत ओवली.

संगीताचा तास बंद झाला. त्या वर्गात परीक्षेच्या जादा तासांसाठी बाक आले. मला मोडीत काढायचे ठरत होते, पण सरांनी मला खेळाच्या सामानाच्या कोठीत हलवून घेतले. वर जाड प्लास्टिक गुंडाळले. कोणी हात लावायचा नाही, अशी मुलांना सक्त ताकीद दिली. रोज येऊन ते धूळ पुसत.

सरांना एकच गोष्ट सुचली नाही. कोठीच्या भिंतीपलीकडे न्हाणीघर होते. खेळून आलेली मुले तिथे अंघोळ करत आणि ती भिंत कायम ओलसर असे. ओल प्लास्टिकच्या आत शिरली, ती बाहेर पडली नाही. सर जितके घट्ट गुंडाळत, तितका मी आतून कुजत गेलो. मला कोणी वाजवले असते, तर वेळेवर कळले असते.

यंदा गाण्याच्या नव्या बाई आल्या. मुख्याध्यापिका त्यांना म्हणाल्या, वाद्य असेल तर संगीताचा तास पुन्हा देऊ, नाहीतर तो वेळ गणिताला जाईल. नव्या बाईंनी सरांना विचारले. सरांनी शिट्टीच्या दोरीतून किल्ली सोडवली. ते म्हणाले, "घ्या. तिनं ठेवला तसाच आहे."

पियानो दुरुस्त करणारे काका आले. किल्ली फिरेना, म्हणून कुलूप तोडावे लागले. नव्या बाईंनी एक पट्टी दाबली. ती खाली गेली आणि वर आलीच नाही. काकांनी तार ताणून धरणारी आतली एक खुंटी पिळून पाहिली. ती ओल्या मातीतल्या काडीसारखी फिरली.

"लाकूड फुटलंय, सर. आता हा सूर धरणार नाही."

"तारा नव्या घातल्या तर?"

"त्या बांधायच्या कुठे? खुंट्या धरायला लाकूडच राहिलं नाही."

"रोज पुसत होतो हो मी."

काका हळूच म्हणाले, "वरून, सर."

सर तिथेच उड्यांच्या गादीवर बसले. नव्या बाई मुख्याध्यापिकांकडे गेल्या. तो तास गणिताला मिळाला. आता या शाळेत कोणी गाणार नाही, आणि याचा दोष सरांना कोणी दिला नाही, हेच त्यांना सोसत नाही.

मित्रांनो, सरांचे माझ्यावर प्रेम नव्हते असे समजू नका. फार होते. पण तुमच्या शाळेत एखादे वाद्य कुणाची आठवण म्हणून झाकून ठेवलेले असेल, तर मोठ्यांच्या मागे लागा, ते उघडून घ्या आणि वाजवा. बेसूर वाजले तरी चालेल. शिकणाऱ्या मुलांच्या हाताखाली आम्ही जन्मभर बेसूरच वाजत असतो, आणि त्यानेच जगतो.

मला हे सांगायला उशीर झाला.